रिकामी फिरलेली गिरणी

मोरेश्वर इंगवले अमेरिकेत पाच वर्षं आणि वर काही महिने राहिला. एवढ्या काळात त्यानं कुणाचं वाकडं केल्याचं मला आठवत नाही. भलंही फार कुणाचं केलं नाही म्हणा. तो आपला काचा वर-खाली करायचा. मोटारीच्या.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला ग्रँड रिव्हर रस्त्याच्या कडंला मोटारीचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती. तिचं नाव लिहीत नाही, लिहावं असं तिनं काही केलेलं नाही. तिथं आम्ही दोघं एका खोलीत बसायचो. बटण दाबलं की दाराची काच आपोआप वर जाते, आणि मधी कुणाचं बोट आलं तर झटक्यात मागं फिरते. त्या मागं फिरण्यामागचं डोकं मोरेश्वरनं लिहिलेलं. डोकं म्हंजे नखाएवढी चिप आणि तिच्यात बसणारा प्रोग्रॅम. त्या काचेची परीक्षा मी घ्यायचो. लोखंडी अँगलवर बोल्ट मारून बसवलेलं एक सुटं दार होतं, त्याच्या काचेत मी गाजर धरायचो. सरकारी नियमात त्यासाठी मापाचे दांडके ठरवून दिलेले होते, त्यांचे आकडे कागदावर जायचे, पण माझा भरवसा गाजरावर. नुसता ओरखडा उठला तर प्रोग्रॅम पास. तुकडा पडला तर लेकराचं बोट गेलं असं समजायचं. इंजिनिअर होऊन मी एवढ्या लांब जाऊन गाजरं चेंगरतो, हे माझ्या आईला मी कधी सांगितलं नाही.

मोरेश्वर फलटणच्या अलीकडच्या एका वाडीचा, मी माणमधला. नोव्हायत मराठी माणूस पैशाला पासरी, पण त्यांचं बोलणं कसं, तर वाक्याचं डोकं मराठी, धड इंग्रजी आणि शेपटाला 'यार'. आम्ही दोघं गावाकडचं बोलायचो, तेही कँटीनमधी बसून मोठ्यानं. त्यावरून दोन-तीनदा टोमणे खाल्ले. आमच्या बोलण्यात काही फरक पडला नाही.

मोरेश्वर बुटका, मानेनं जाड, हिवाळाभर एकच तपकिरी स्वेटर. त्याच्या चिपमधी बत्तीस हजार अक्षरं मावतील एवढीच जागा, आणि हा त्यातल्या एकेका अक्षरासाठी भांडायचा, बांधाच्या वीतभर जमिनीसाठी भावकी भांडते तसा. आता, माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळत नाही. तो आधी कंपायलरमधून काढावा लागतो, मग पलीकडून चिपला कळणारे आकडे पडतात. मोरेश्वर कंपायलरला गिरणी म्हणायचा. वरून दाणे, खालून पीठ. सी भाषेची गिरणी वेगळी, सी प्लस प्लसची वेगळी. काम तेच असलं तरी एका गिरणीचं पीठ चिपमधी जास्त जागा खातं, दुसरीचं कमी. एकीचं सुसाट पळतं, दुसरीचं रेंगाळतं. गिरणीतनं काय पडलं त्याची यादी कागदावर छापून घेता येते. ती कुणी वाचत नाही. मोरेश्वर वाचायचा. डबा खाताना वाचायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा, यादीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, ही ओळ फुकटची आहे बघ. त्याच्या सगळ्या कागदांवर ठेच्याचे डाग असायचे.

भाकरी म्हंजे खरी भाकरी. त्याची बायको सुलेखा गावाकडं हायस्कुलात गणित शिकवायची, इथं नवऱ्याच्या व्हिसावर आलेली म्हणून तिला नोकरी करायला बंदी. इथल्या दुकानातल्या ज्वारीच्या पिठाची पहिली भाकरी तिनं तोंडात घातली आणि बेसिनमधी थुंकली. कडू, वर्षाचं शिळं पीठ. दुसऱ्या वर्षी तिनं ओळखीच्या एका माणसाच्या सामानात घालून जहाजानं घरघंटी आणवली. इथली वीज एकशेदहाची, म्हणून तिच्याबरोबर बैलाच्या डोक्याएवढा ट्रान्सफॉर्मर. इथल्या विजेचे हेलकावे सेकंदाला साठ, आपल्याकडं पन्नास, त्यामुळं गिरणी गावापेक्षा अंमळ जोरात फिरते, हे मोरेश्वर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. येणारे ऐकून घ्यायचे, कारण पुढं भाकरी मिळायची. नोव्हायतली निम्मी पोरं त्या घरी जेवून गेलेली. हे लक्षात ठेवा.

आमचा मॅनेजर देवदत्त. पुण्याचा, वीस वर्षांपूर्वी आलेला. ऑफिसात त्याला डेव्ह म्हणायचे आणि त्याला ते गुदगुल्या केल्यासारखं आवडायचं. माणूस गोड. इतका गोड, की त्याच्याशी बोलून झालं की हात धुवावेसे वाटायचे.

मोरेश्वरची मान त्याच्या हातात होती ती अशी. आमचा व्हिसा सहा वर्षांचा. पाचवं वर्ष संपायच्या आत कंपनीनं ग्रीन कार्डासाठी पहिला अर्ज टाकला तर पुढं मुदत वाढत राहते. नाही टाकला तर गाशा गुंडाळायचा. मोरेश्वरचं पाचवं वर्ष दोन हजार पाच सालच्या ऑक्टोबरात संपत होतं. सगळे कागद तयार होते. वकिलाकडं फक्त एक पत्र जायचं राहिलं होतं, हा माणूस आम्हाला पाहिजे, असं. त्या पत्रावर सही देवदत्तची. माझंही पत्र त्याच्याच खणात होतं, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हंजे मागनं मी लपवलं असं व्हायला नको.

त्या उन्हाळ्यात देवदत्तनं कुठल्याशा प्रदर्शनातून एक नवी भाषा आणली. तिचं नाव आज ती विकणाऱ्यांनाही आठवत नसेल. सगळे प्रोग्रॅम आता या भाषेत लिहायचे, त्यासाठी नवा गट काढायचा, असं त्याच्या डोक्यात. गटाचा मुख्य कोण, ते तुम्हाला कळलंच. पण वर कार्ल नावाचा साहेब होता, सगळी हयात मोटारीच्या कारखान्यात घातलेला. तो म्हणाला, तुलना करून दाखवा. काम एकच, चिप एकच. कुठल्या भाषेत किती वेळ लागतो आणि किती जागा लागते, एवढं मला एका कागदावर पाहिजे, खाली करणाऱ्याची सही पाहिजे.

काम ठरलं ते काचेवरचा दाब ओळखायच्या गणिताचं. ते हजार वेळा करायचं आणि घड्याळ लावायचं. सी आणि सी प्लस प्लसमधी मोरेश्वरनं लिहिलं. नव्या भाषेत देवदत्तनं स्वतः लिहिलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आठवड्यानं आकडे आले. सीला घड्याळाचे नऊ ठोके, सी प्लस प्लसला अकरा, आणि नव्या भाषेला शून्य. घड्याळाचा काटा हललाच नाही. शून्य लिहिलं तर कार्ल हसेल म्हणून देवदत्तनं 'एकाहून कमी' असं लिहिलं. जागेचं तेच. सीला एकवीस हजार, सी प्लस प्लसला सत्तावीस, नव्या भाषेला चार. देवदत्त त्या दिवशी सगळ्यांच्या टेबलाशी जाऊन पेढे वाटल्यासारखे आकडे वाटत फिरला.

मोरेश्वरला दोन दिवस जेवण गेलं नाही. हरल्याचं दुःख नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की जगात अशी गिरणी निघाली असेल आणि आपण मागं राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या नव्या भाषेची यादी छापून काढली आणि डबा उघडून वाचायला बसला. सीची यादी बोटभर जाडीची. ही चार-सहा पानं. भाकरी तशीच हातात राहिली. मग त्यानं मला बोलावून घेतलं.

"गड्या, ह्यात गणितच न्हाई," तो म्हणाला. "हे बघ. घड्याळ चालू. घड्याळ बंद. मधी काय बी न्हाई."

मला आधी कळंना. त्यानं मग गिरणीवर आणून सांगितलं. देवदत्तनं गणित हजार वेळा करायला सांगितलं, पण त्याचं उत्तर कुठं द्यायचं ते सांगितलंच नाही. मोरेश्वर जुन्या सवयीनं उत्तर चिपच्या बाहेर काढायचा, दिवा लावून दाखवायचा, काहीतरी करायचा. देवदत्तनं तसं काहीच केलं नव्हतं. नवी गिरणी होती हुशार. तिनं बघितलं, पीठ न्यायला कुणीच डबा घेऊन उभं नाही. मग दळायचं कशाला? तिनं दाणे तसेच ठेवले आणि रिकामीच फिरून थांबली. आणि आम्ही इकडं टाळ्या वाजवतोय की बघा, कसं डोळ्याचं पातं लवायच्या आत दळलं.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता कार्लला मेल टाक, ही पानं जोड. मोरेश्वर माझ्याकडं असं बघायला लागला, जसं काय मी त्याला शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकायला सांगितली. आपल्या माणसाला गोऱ्यापुढं उघडं पाडायचं नाही, ही तिथल्या आपल्या लोकांची पहिली शिकवण. नवा माणूस विमानातून उतरला की दूध कुठं मिळतं त्याच्या आधी त्याला हे सांगतात. चूक झाली तर आधी घरी जाऊन सांगायचं, त्याला सावरायला वाव द्यायचा. मोरेश्वरनं ही रीत देवासारखी पाळलेली. तो म्हणाला, शनिवारी सरांच्या घरी गणपती हाय, तिथं कानात सांगतो. मंगळवारी मीटिंग हाय, तवर ते दुरुस्त करतील.

देवदत्तच्या घरचा गणपती तळघरात बसायचा. मखर दर वर्षी मोरेश्वर लावायचा, कारण पहिल्या वर्षी एकदा लावलं होतं. मग ते त्याचंच काम झालं. दुपारभर तो थर्मोकोलवर सुरी चालवत होता. आरती झाली, दीडशे माणसं जेवली, कागदी ताटं काळ्या पिशव्यांत भरून झाली, आणि मग गराजमधी चपलांच्या ढिगाशी त्यानं देवदत्तला गाठलं. मी दोन हातांवर माझा बूट शोधत होतो. मोरेश्वरनं सगळं सांगितलं, हळू आवाजात, जणू चूक त्याचीच होती. उत्तर छापायची एक ओळ घातली की खरे आकडे येतील, एवढंही सांगितलं.

देवदत्तनं हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तू मला पर्सनली सांगितलंस," तो म्हणाला. "मी मंडेलाच फिक्स करतो, यू डोंट वरी. आणि तुझं लेटर रे, ते पण या वीकमध्ये करून टाकू." मग आत जाऊन त्यानं मोदकांचा डबा आणून त्याच्या हातात दिला.

गाडीत मोरेश्वर सगळा रस्ता बोलत होता. माणूस वाईट न्हाई बघ, म्हणत होता. मोदक दुकानातले फ्रोजन होते, मधी बर्फ तसाच.

मंगळवारी मीटिंगला पडद्यावर तेच आकडे. एकाहून कमी. चार हजार. देवदत्त निळा शर्ट घालून पुढं उभा, हातात लाल ठिपक्याची ती बॅटरी. मी आणि मोरेश्वर मागं बसलेलो. मोरेश्वरला आधी वाटलं, चुकून जुना कागद लावलाय. त्यानं हातानं खूणही केली. देवदत्तनं त्याच्याकडं बघितलं आणि पुढचं पान काढलं. त्या पानाच्या खाली छापलं होतं, तुलना करणारा मोरेश्वर इंगवले. नव्या भाषेच्या आकड्यांसकट सगळ्या तुलनेखाली त्याचंच नाव. सहीची जागा मोकळी होती. म्हंजे उद्या काचेत कुणाचं बोट तुटलं तर ही चार-सहा पानं याच्या नावावर.

कार्ल खूष होता. त्यानं स्वतःचं पेन काढून टेबलावरून मोरेश्वरकडं सरकवलं.

मोरेश्वर पेनाकडं बघत बसला. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती. पत्र खणात, ऑक्टोबर तोंडावर, सुलेखा घरी. सही केली असती तर मी त्याला नावं ठेवली नसती, मला तेवढा अधिकार नव्हता. पण त्यानं पेन उचललं आणि बाजूला ठेवलं. तोडक्या इंग्रजीत म्हणाला, आधी गणिताचं उत्तर छापून दाखवू, एक ओळ घालतो, दोन मिनिटं लागतील.

देवदत्त म्हणाला वेळ नाही. कार्ल म्हणाला दोन मिनिटं आहेत. मोरेश्वरनं सगळ्यांसमोर ती एक ओळ घातली, प्रोग्रॅम कंपायलरमधून काढला, घड्याळ लावलं. तेवीस ठोके. सीच्या अडीचपट. जागा एकतीस हजार, म्हंजे बत्तीस हजाराची चिप काठोकाठ भरली, बाकीच्या कामाला जागाच नाही. हा प्रोग्रॅम दारात घातला असता तर माझ्या गाजराचे दोन तुकडे होऊन एक गाडीच्या आत पडला असता आणि एक बाहेर.

आणि मग देवदत्त हसला. मोकळं, दात दाखवून. इंग्रजीत म्हणाला, हीच चाचणी मी मोरेश्वरला शनिवारपासून दुरुस्त करायला सांगत होतो, शेवटी त्याला सापडलं, गुड कॅच. कार्लनं मान हलवली. म्हणाला, डेव्ह, तुझ्यासारखी तपासणी सगळ्यांनी ठेवली पाहिजे, आणि उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

मोरेश्वरनं तोंड उघडलं. तेवढ्यात देवदत्त त्याच्याकडं वाकून मराठीत म्हणाला, "एवढं पुरे आता. बाकीचं आपण आपल्यात बघू."

आणि मोरेश्वरनं तोंड मिटलं.

मला त्या दिवशी देवदत्तपेक्षा मोरेश्वरचीच जास्त किळस आली. ज्याच्या अंगात पेन बाजूला ठेवायची धमक, त्याला 'आपल्यात' हा एक शब्द ऐकून गपगार व्हायला काय झालं होतं? हा विचार मी सगळा दिवस करत होतो. त्या खोलीत खरं काय ते ठाऊक असलेला तिसरा माणूस मी होतो, आणि मी टेबलाखाली बोटं मोडत बसलो होतो. त्याचा विचार करायला मला पुढं पुष्कळ वेळ मिळाला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा सुलेखा पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, तुम्ही गप का बसला? मोरेश्वर म्हणाला, चारचौघांत कसं बोलायचं. ती पुन्हा मळायला लागली. त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड झाल्या होत्या.

सप्टेंबर गेला. वकील सुट्टीवर आहे. मग एचआरला एक कागद कमी पडतोय. मग देवदत्त स्वतः डेट्रॉइटबाहेर. मोरेश्वर रोज त्याच्या दाराशी जाऊन यायचा, तो गोड हसायचा आणि हात हलवायचा. ऑक्टोबरची तारीख आली आणि गेली. वर्षाच्या अहवालात मोरेश्वरच्या नावापुढं लिहून आलं, भाषांच्या तुलनेच्या चाचणीत गंभीर चूक केली, वेळेत कळवलं नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात त्याला नोकरीवरूनही काढलं. त्यानं चार ठिकाणी फोन केले. व्हिसाचं वर्षभरही उरलं नाही असा माणूस कोण घेणार?

नवी भाषा गेली. मोरेश्वरचा सी प्रोग्रॅम तेवढा राहिला. तो दारात बसला आणि त्या मोटारी रस्त्यावर आल्या. काचा नीट मागं फिरतात. माझं गाजर साक्षीला आहे.

माझं पत्र मात्र सही होऊन वकिलाकडं गेलं. त्या मंगळवारच्या पुढच्याच सोमवारी. मी मागितलंही नव्हतं.

देश सोडून निघालेला माणूस घरातल्या सामानाची यादी करतो आणि सगळ्यांना मेलवर पाठवतो, तशी सुलेखानं पाठवली. ज्यांनी दोन महिने फोन उचलला नव्हता ते रविवारी दारात हजर. भाकरी खाऊन गेलेली पोरं गादीवर बसून, उड्या मारून बघत होती. एक जण दिव्याचा शेड उलटा करून आत फट आहे का ते तपासत होता. कुणी मोरेश्वरला विचारलं नाही की पुढं काय करणार. तो तपकिरी स्वेटर घालून खिडकीशी उभा, बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि विचारेल त्याला वस्तूंची वर्षं सांगत होता.

चारच्या सुमाराला देवदत्त आला. मला वाटलं माफी मागायला आला असेल; एवढा मूर्ख मी त्या वयातही होतो. तो म्हणाला, आमच्या हिची शुगर वाढलीये, डॉक्टरांनी ज्वारी सांगितलीये, ती घरघंटी राहिली असेल तर आम्ही नेतो. मोरेश्वरनं बायकोकडं बघितलं.

"चालू करून दाखवा ना वहिनी," देवदत्त म्हणाला.

सुलेखानं ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं, मग गिरणीचं. गिरणी घोंगावायला लागली, साठ हेलकाव्यांच्या विजेवर, गावापेक्षा अंमळ जोरात. देवदत्तनं तिच्या पत्र्यावर तळहात ठेवला. डोळे मिटून आवाज ऐकला. म्हणाला, वा, एकदम स्मूद, फास्ट पण आहे.

"आत दाणे न्हाईत, भाऊजी," सुलेखा म्हणाली. "पण तुम्हास्नी पीठ बघायची सवय न्हाई, ठावं हाय मला."

खोलीतल्या दहा-बारा माणसांनी ऐकलं. सगळ्यांना कळलं असं नाही, पण त्याला कळलं. मी त्याच्याकडं बघत होतो, त्याला कळलं. त्यानं वरमावं म्हणून मी वाट बघितली. तो हसला. गणपतीत हसला होता तसाच, मीटिंगमधी हसला होता तसाच. "वहिनी, यू आर टू मच," म्हणाला, आणि खिशातून चेकबुक काढलं.

सुलेखानं चेक टेबलावर ठेवायला सांगितला, हातात घेतला नाही. मोरेश्वर खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

घरघंटी जड असते. ती एकट्या माणसाला उचलत नाही, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी लागतं. देवदत्तनं वाकून एका बाजूला हात घातला आणि इकडं-तिकडं बघितलं.

दुसऱ्या बाजूला मी हात घातला.